प्रेक्षक व्हा, बघे नको

आम्हाला सायकल शर्यत आवडते. तिला तिकीट लागत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांसाठी अनोळखी माणसेही टाळ्या वाजवतात. संगमेश्वरात शर्यत आली तर पोराबाळांसह जरूर उभे राहा; पण उतारावरच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला नको. तोल गेलेली सायकल तिकडेच फेकली जाते.

कोणी पडला तर कोंडाळे करू नका. मान हलवू नका, हेल्मेट ओढू नका, पाणी पाजू नका. वाहते रक्त स्वच्छ फडक्याने दाबून धरा, 108 ला फोन लावा. आपल्या वस्तीत पोलिसांच्या चौकशीची भीती असते. पण मोटार वाहन कायद्याचे 134 अ कलम मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. पडलेला कोणाचा, हे न विचारता धावणे, हीच आमच्या मते करुणा.