खेकड्यांवर खापर फोडू नका!

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी लोंढ्यात सापडली. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती लागल्याचे गावकरी आधीपासून सांगत होते. तरीही तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना.

खेकडे बिळे करतात, घुशीही करतात. म्हणून तर पावसाळ्याआधी भराव पायी फिरून पाहायचा, बिळे खणून काढायची आणि चिकणमाती ठोकून ती भरायची असतात. हे काम माणसाचे आहे. ते झाले नसेल, तर जाबही माणसालाच द्यावा लागेल.

मातीचे धरण थोडेफार पाझरतेच. पाझर नितळ आणि रोजच्याइतका असेल, तर घाबरायचे कारण नाही. तो गढूळ झाला, की समजावे, पाणी आतली माती घेऊन निघाले आहे. मग भगदाड पडायला काही तासही पुरतात. भरावावरची मोठी झाडे दिसायला छान, पण ती वठली की मुळे कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. सांडव्यात झुडपे माजली, किंवा पाणी जास्त दिवस पुरावे म्हणून कुणी तिथे वाळूची पोती रचली, तर पुराचे पाणी माथ्यावरून वाहू लागते. मातीला ते सोसत नाही. ओढ्याचा लोंढा थोपवणारा तलाव अशा वेळी स्वतःच लोंढा होऊन वस्तीवर येतो.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली, हे योग्यच झाले. मात्र हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरची धरणे काही अटींवरच त्यात येतात. त्याहून बुटके पाझर तलाव आणि गावतळी बाहेरच राहिली. गावाच्या डोक्यावर बसलेली तीच आहेत!

नव्या कामाचे भूमिपूजन होते, जुन्याच्या दुरुस्तीचे होत नाही. म्हणून ग्रामसभेनेच मे महिन्यात हिशेब मागावा. तलाव कोणी तपासला, कोणत्या तारखेला, काय सापडले, दुरुस्ती कधी होणार, हे सगळे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावावे. सांडवा मोकळा करायला तर गावाने कुणाची वाट पाहू नये.

आणि पावसाळ्यात पाझर गढूळ दिसला, तर वेळ दिवसाची असो की रात्रीची, आधी खालची वस्ती उंचावर हलवा आणि लगेच तहसीलदारांना कळवा.