सहा वेळा दिलेला शब्द

वसईच्या कॅथलिक घरांतून जपमाळेची प्रार्थना म्हटली जाते. ५ दशकांच्या माळेत मरियामातेला ५३ वेळा वंदन होते. 'ही निव्वळ घोकंपट्टी नव्हे काय?' असे आपले बुद्धिवादी मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. ओठ हलतात आणि मन बाजारात भटकते, हे कोण नाकारील? परंतु मणी बोटांसाठी असतात. मनाने त्या वेळी ख्रिस्तजीवनातील प्रसंगांचे चिंतन करावयाचे असते. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यात आणखी ५ प्रसंगांची भर घातली, ती या चिंतनासाठीच.

याच माळेत प्रभूने शिकविलेली प्रार्थना ६ वेळा येते. तीत आपण देवाकडे क्षमा मागतो आणि दुसऱ्यास क्षमा करण्याचा शब्दही देतो. मग शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरून माळ ओढणाऱ्याची प्रार्थना पुरी झाली, असे कसे म्हणावे?

देवाची जवळीक एका दिवसाच्या उमाळ्याने लाभत नाही. त्यासाठी नित्यनेमच हवा. म्हणून मन लागो वा न लागो, रोजची प्रार्थना सोडू नये, असे माझे मत आहे. माळ ठेवून भावाच्या दारी जाण्याचे बळ ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आपण देवाच्या एक पाऊल जवळ गेलो असे समजावे.