एड्साचा रस्ता आणि हातातला फोन

मनिला शहराला वळसा घालणाऱ्या एड्सा ह्या महामार्गावर दोन राष्ट्राध्यक्षांची सत्ता संपुष्टात आली. फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल हायमे सिन ह्यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली आणि जपमाळ हाती घेतलेले लाखो भाविक रणगाड्यांसमोर उभे राहिले. फर्डिनंड मार्कोस ह्यांची वीस वर्षांची राजवट चार दिवसांत कोसळली.

दुसरी हाक मोबाईलने दिली. राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा ह्यांच्यावरील महाभियोगाची सुनावणी सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. १६ जानेवारी २००१ रोजी त्यांच्या बँक खात्यासंबंधीच्या कागदपत्रांचे पाकीट न उघडण्याचा निर्णय ११ विरुद्ध १० मतांनी झाला. काळे कपडे घालून एड्साला या, असा संदेश त्याच रात्री ह्या फोनवरून त्या फोनवर गेला आणि शांतिराणी मरियेच्या तीर्थमंदिरापाशी गर्दी लोटली. २० जानेवारीस ग्लोरिया आरोयो ह्यांचा शपथविधी झाला. मोबाईलने लोकशाही वाचवली, असे कौतुक जगभर झाले.

त्या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली. एस्त्रादा १९९८ साली मुख्यतः गरिबांच्या मतांवर निवडून आले होते, आणि त्या काळी मोबाईल प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या हाती होता. एप्रिलमध्ये एस्त्रादांना अटक झाली, तेव्हा झोपडवस्त्यांतील लोक त्याच तीर्थमंदिरापाशी जमले. १ मे रोजी ते राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेले. काहींचे प्राण गेले. पहिल्या गर्दीच्या पाठीशी उभी राहिलेली ख्रिस्तसभा ह्या गर्दीपासून दूर राहिली. पहिलीला ‘जनता’ म्हटले गेले, दुसरीला ‘झुंड’. हा इतिहास वाचताना आम्हांस आजही अवघडल्यासारखे होते.

पुढे फोन गरिबांच्याही हाती आला, पण तो कसा आला हे पाहण्यासारखे आहे. मोबाईल कंपन्यांनी फेसबुक विनामूल्य दिले. त्यातील बातमीचा दुवा उघडायचा तर मात्र पैसे मोजावे लागत. मथळा फुकट, मजकूर विकत! अशा व्यवस्थेत मार्कोस राजवट म्हणजे सुवर्णयुग होते, हे सांगणाऱ्या चित्रफिती फोफावल्या. मार्शल लॉ न पाहिलेली पिढी मतदार झाली होती. पत्रकार मारिया रेस्सा ह्यांनी हा धोका वारंवार दाखवला. २०२१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ च्या फेब्रुवारीत बिशप परिषदेनेही मेषपालीय पत्रातून इतिहासाच्या विपर्यासाविरुद्ध इशारा दिला. मे महिन्यात मार्कोस ह्यांचे पुत्र सुमारे ३ कोटी १६ लाख मते घेऊन निवडून आले. अनेक धर्मगुरू व धर्मभगिनींनी उघड पाठिंबा दिलेल्या लेनी रोब्रेदो ह्यांना त्याच्या निम्मीही मते मिळाली नाहीत.

हा सर्व दोष फेसबुकचा, असे म्हणणे सोयीचे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. दोन क्रांत्यांनंतरही सत्ता मोजक्या घराण्यांतच राहिली आणि पोटासाठी परदेशी जाणाऱ्यांची रांग संपली नाही. ज्यांना एकदा झुंड म्हटले गेले, त्यांच्या घरांत खोट्या सुवर्णयुगाला सहज जागा मिळाली.

२१ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे १९७२ च्या मार्शल लॉ आदेशाच्या तारखेसच, पूरनियंत्रण कामांतील भ्रष्टाचाराविरुद्ध एड्सावर पुन्हा लोक जमले. ठेकेदारांच्या मुलांच्या ऐषारामाची छायाचित्रे फोनवरूनच घरोघरी पोहोचली होती. बिशप, धर्मगुरू, विद्यार्थी साऱ्यांनी शांततेने निषेध नोंदवला. त्याच दिवशी प्रासादाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तरुणांची पोलिसांशी चकमक झाली. दोनशेहून अधिक जण पकडले गेले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती.