नको झालेल्या जिवांचे काय?

मुंबईतील एखाद्या अनुभवी पशुवैद्यास एकांतात विचारावे, म्हणजे तो एक प्रसंग सांगतो. कोणी सुशिक्षित गृहस्थ धडधाकट कुत्रे घेऊन दवाखान्यात येतात. परदेशी बदली झालेली असते, घरी नातवंड आलेले असते, किंवा नव्या सोसायटीचे चिटणीस कुरकुर करीत असतात. गृहस्थ खालच्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, ह्याला शांतपणे झोपवता येईल का?" सद्सद्विवेक शाबूत असलेला डॉक्टर नकार देतो. गृहस्थ निघून जातात, आणि त्या कुत्र्याचे पुढे काय झाले हे हमरस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या दूरच्या स्टेशनाबाहेर पडलेल्या गळपट्ट्यालाच ठाऊक असते.

असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या प्राण्यास वेदनेतून सोडविण्याला दयामरण म्हणतात, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. पण निरोगी जीव केवळ अडचणीचा झाला म्हणून त्याला सुई टोचावयाची, तर त्यात दया कोणावर होते? मालकाच्या सोयीवर! आणि सुईऐवजी रस्त्यावर सोडून देणे हा अधिक सौम्य मार्ग आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती साफ चुकीची आहे. गादीवर वाढलेल्या कुत्र्याला मोटार चुकविता येत नाही, उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही, परक्या गल्लीतील टोळीपुढे टिकाव धरता येत नाही. ते मरते, फक्त सावकाश मरते आणि आपल्या नजरेआड मरते.

ह्या प्रकाराविरुद्ध ह्या शहरात काही सामान्य माणसे चिकाटीने झगडत आहेत, म्हणून आज पहिल्या पानावर हा विषय आम्ही घेतला आहे. कोणी महाविद्यालयीन मुली आहेत, कोणी सेवानिवृत्त कारकून. टाकून दिलेले जनावर नवे घर मिळेपर्यंत ते आपल्या दोन खोल्यांत सांभाळतात. रविवारी दत्तक-मेळावे भरवितात. गल्लीतील माद्या धरून शस्त्रक्रियेस नेतात, आणि रिक्षाचे भाडे स्वतःच्या खिशातून देतात.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. 1832 साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली आणि छावणीची रसद अडली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे मारणे चालूच राहिले. आमच्या लहानपणी पालिकेची पिंजऱ्याची गाडी गल्लीत शिरली, की आम्ही मुले ओळखीच्या कुत्र्यांना हाकलून जिन्याखाली लपवीत असू. पकडलेल्या कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारीत. 1994 साली पालिकेने ही पद्धत सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही 1985 साली स्थापन झालेली संस्था महालक्ष्मीच्या पालिका-कोंडवाड्यात हे काम करीत आली आहे. कोंडवाड्याचे शस्त्रक्रियागृह झाले, हे स्थित्यंतर ह्या नगरीने अभिमानाने सांगावे असे आहे.

भूतदया घटकाभर बाजूला ठेवली, तरी हिशेब तोच निघतो. कुत्री मारली की जागा रिकामी होते, उकिरडा तसाच राहतो आणि शेजारची कुत्री तेथे येऊन वितात. जयपुरात 1994 ते 2002 ह्या काळात सुमारे 25 हजार कुत्र्यांवर शस्त्रक्रिया व लसीकरण झाले. ज्या भागात काम झाले तेथील कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. गोव्याने गावोगाव लसीकरण करून 2021 साली रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून मान मिळविला. अमेरिकेतील आश्रयगृहांत 2011 साली सुमारे 26 लाख कुत्री-मांजरे मारली जात. तेथील एका प्रमुख प्राणिसंस्थेच्या अंदाजानुसार 2019 साली ही संख्या 9 लाख 20 हजारांवर आली. हे कशाने घडले? स्वस्त शस्त्रक्रिया आणि विकतच्या पिल्लाऐवजी आश्रयगृहातील प्राणी घरी नेण्याची सवय, ह्या दोन साध्या गोष्टींचा त्यात मोठा वाटा आहे. लॉस एंजेलिस नगरपालिकेने असा स्वस्त दवाखाना 1971 सालीच उघडला होता.

आमच्याकडे मात्र सारी चर्चा रस्त्यावरील कुत्र्यांची होते. दिवाणखान्यातून रस्त्यावर येणाऱ्या जिवांचा ओघ कोणी मोजत नाही. पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची, असे 2023 चे नियम स्पष्ट सांगतात. ते किती मालकांस माहीत आहे? पाळीव प्राणी टाकून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरविला, पण पहिल्या गुन्ह्यास दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! जे पिल्लू तीस हजारांस विकत घेतले, ते टाकण्याची किंमत एका वडापावाहून फारशी अधिक नाही.

प्राणिमित्रांनाही एक गोष्ट ऐकवावी लागेल. शाळेच्या फाटकाशी कुत्र्यांना जेवू घालावयाचे आणि शस्त्रक्रियेचे नाव निघताच पुण्य आटोपते घ्यावयाचे, ही भूतदया अर्धवट आहे. ज्या आईच्या मुलाला कुत्रे चावले तिचा संताप खोटा नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात डांबण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. पिसाळलेली व आक्रमक वगळता इतर कुत्री शस्त्रक्रिया व लस देऊन मूळ जागी सोडावीत, आणि खाणे ठरलेल्या ठिकाणीच घालावे, असे सांगितले. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलविण्याचा आदेश आला. लोकांच्या भीतीकडे दुर्लक्ष केले तर पिंजऱ्याची गाडी परत मागणारे आवाज वाढतील, हे ह्या चळवळीने ओळखावे.

पालिकेकडे आमचे मागणे माफक आहे. पाळीव कुत्र्यास परवाना सक्तीचा आहेच. तो देताना शस्त्रक्रिया झाली काय, हे विचारावे आणि झालेल्यांना शुल्क माफ करावे. प्रत्येक विभागात पाळीव प्राण्यांसाठी अल्प दरात शस्त्रक्रियेची सोय करावी. गृहनिर्माण संस्थांनी प्राणी पाळणाऱ्यांस हाकलण्याचे ठराव करण्यापेक्षा, परगावी जाणाऱ्या शेजाऱ्याचे कुत्रे कोण सांभाळील ह्याची एक यादी फलकावर लावावी. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या मुलांनी वाढदिवसाला पिल्लाचा हट्ट धरला आहे, त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी एक रविवार दत्तक-मेळाव्यात काढावा. गावठी कुत्रे आपल्या हवेला सोसणारे असते. बर्फात जन्मलेल्या जातीला मुंबईच्या मे महिन्यात कोंडणे ही हौस निराळ्याच प्रकारची क्रूरता आहे.

पाऊस ओसरला की विणीचा हंगाम सुरू होतो आणि थंडीच्या तोंडाशी गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. पालिकेने पथके वाढवावयाची तर ती त्याआधी वाढवावीत, डिसेंबरात नव्हे.