रिसॉर्ट ठरवण्याआधी कागद मागा



युनियनचे शिबिर असो, निरोप समारंभ असो की पोराबाळांची सहल असो, आजकाल सगळे रिसॉर्टवर होते. मुंबईचे साथी अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर जातात, दिल्लीकडचे गुरुग्राम जिल्ह्यातील सोहना-दमदम्याला. तिथे समुद्र, इथे अरवलीचा डोंगर. दुखणे मात्र एकच.

किनाऱ्यासाठी केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत निर्बंध आले. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर मोकळे ठेवायचे ठरले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागापुरते ते ५० मीटरवर आणले. अरवलीसाठी, तेव्हाच्या गुडगाव व अलवर जिल्ह्यांत, ७ मे १९९२ ची अधिसूचना आहे. तरीही डोंगरात फार्महाऊसे उभी राहिलीच.

दमदमा तलाव पावसाच्या पाण्यावर भरतो. गुरुग्राममधील भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर असल्याची नोंद सरकारदरबारीच आहे. मग रिसॉर्टचा पोहण्याचा हौद कोणाच्या वाट्याच्या पाण्याने भरतो? कोकणातही किनाऱ्यालगत बेसुमार उपसा झाला की गावाच्या विहिरीत खारे पाणी शिरते.

कायद्याचा बडगा आधी कोणावर पडतो तेही पाहा. शेजारच्या फरिदाबादमध्ये २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खोरी गावातील वनजमिनीवरची हजारो कष्टकऱ्यांची घरे पाडली गेली. त्याच परिसरातील फार्महाऊस व लग्नाच्या हॉलचे मालक मात्र कोर्टात भांडत राहिले. ती जमीन वनच आहे, हा निकाल २१ जुलै २०२२ रोजी लागला.

काही साथी म्हणतात, रिसॉर्टमुळे रोजगार मिळतो. मिळतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण वेटर, माळी, सफाई कामगार बहुतेक कंत्राटी. बेकायदा रिसॉर्टला सील लागले की मालक दुसरा धंदा काढतो, कामगार रस्त्यावर येतो. तेव्हा निसर्ग राखणे आणि नोकरी राखणे ही दोन भांडणे नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक शाखेने ठराव करावा. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: बांधकामाची परवानगी कुठे आहे, सांडपाणी कुठे जाते, कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का? उत्तर मिळाले नाही तर शिबिर रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये घ्यावे. वर्गणी घामाची आहे. ती दुसऱ्याचे पाणी पळवणाऱ्याच्या गल्ल्यात जाता कामा नये.