एका पट्टीचीं दोन नांवें

ज्या घरांत एखादें मूल पियानो शिकूं लागतें व त्याच घरांत पेटीवर बोटें फिरविलेले आजोबा असतात, तेथें एक लहानसा वाद हटकून उपस्थित होतो. मूल एका काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणतें, “हा सी शार्प.” पुढच्या महिन्यांत तेंच मूल त्याच पट्टीस ‘डी फ्लॅट’ म्हणूं लागतें. आजोबांना तर ती ‘काळी एक’ म्हणूनच ठाऊक! मग “आधीं एक काय तें नक्की ठरीव,” असें मुलास ऐकून घ्यावें लागतें, आणि आपलेंच कांहीं तरी चुकलें असें त्यालाहि वाटूं लागतें. वस्तुतः येथें चूक कोणाचीच नसते.

प्रथम पट्ट्यांची मांडणी पाहूं. आजच्या पियानोवर सामान्यतः ८८ पट्ट्या असतात. पैकीं ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा जथ्यांनीं बसविलेल्या दिसतात. दोनांच्या जथ्याला लागून डावीकडे जी पांढरी पट्टी, ती ‘सी’. तेथून उजवीकडे डी, ई, एफ्, जी, ए, बी व पुनः सी. कोणत्याहि पट्टीपासून तिच्या लगतच्या पट्टीपर्यंतचें अंतर अर्ध्या स्वराचें. या अंतरानें उजवीकडे, म्हणजे वर, सरकणें तें शार्प. डावीकडे, म्हणजे खालीं, उतरणें तें फ्लॅट. यावरून शार्प व फ्लॅट हे पट्टीचे रंग नसून सरकण्याच्या दिशा आहेत, हें ध्यानांत येईल. ई व एफ् यांच्यामध्यें काळी पट्टी मुळींच नाहीं. म्हणून ‘ई शार्प’ वाजवावयाचा झाल्यास बोट एफ् च्या पांढऱ्या पट्टीवरच ठेवावें लागतें!

आतां कोणी विचारील कीं, एका पट्टीस एकच नांव ठेवलें असतें तर काय बिघडलें असतें? याचें उत्तर सप्तकाच्या शिस्तींत आहे. नेहमींच्या सप्तकांत सातहि अक्षरें एकेकदांच यावयाचीं, असा संकेत आहे. ‘डी’ला षड्ज मानून आपलें शुद्ध सप्तक वाजविलें, तर डी, ई, एफ् शार्प, जी, ए, बी, सी शार्प असे स्वर येतात. त्यांतील एफ् शार्पला जी फ्लॅट म्हटलें, तर ‘जी’ दोनदां येईल आणि ‘एफ्’ला जागाच उरणार नाहीं. उलट ‘एफ्’ला षड्ज मानिलें म्हणजे चौथा स्वर बी फ्लॅटच म्हणावा लागतो, ए शार्प म्हटल्यास ‘ए’ दोनदां होतो. आपल्या एकत्र कुटुंबांत एकच बाई कोणाची आत्या असते व कोणाची मावशी असते. हाक कोण मारतो त्यावर नांव ठरतें. तसेंच हें आहे. आजोबांची ‘काळी एक’ हा त्या पट्टीचा केवळ पत्ता झाला. शार्प व फ्लॅट हीं तिचीं नातीं होत.

आपल्या संगीतांतहि हीच दृष्टि आहे. भैरवांतील ऋषभास आपण कोमल ऋषभ म्हणतों, तीव्र षड्ज म्हणत नाहीं. कारण षड्ज व पंचम हे आपण अचल मानिले आहेत. रे, ग, ध, नि कोमल होतात व मध्यम तेवढा तीव्र होतो. मौज अशी कीं, फ्रेंच लोक फ्लॅटला ‘बेमोल’ म्हणतात, त्याचाहि मूळ अर्थ ‘मृदु बी’ असाच आहे. मध्ययुगांत तिकडे बी या स्वराचीं दोन रूपें मानीत. त्यांतील उतरत्या रूपासाठीं गोल वळणाचा बी लिहीत, व त्यापासूनच आजचें फ्लॅटचें चिन्ह आलें.

परंतु हीं दोन नांवें निव्वळ लिहिण्याच्या सोयीचीं आहेत असेंहि नाहीं. सी पासून सात शुद्ध पंचम चढत गेल्यास सी शार्प येतो, आणि पांच शुद्ध पंचम उतरत गेल्यास डी फ्लॅट येतो. दोन्ही एका सप्तकांत आणून ताडून पाहिले, तर ते नेमके जुळत नाहींत. सी शार्प किंचित् चढा राहतो. कारण बारा शुद्ध पंचमांचा गुणाकार सुमारें १२९.७५ होतो, तर सात सप्तकांचा १२८. इटलींत पूर्वीं कांहीं वाद्यांच्या काळ्या पट्ट्या दुभंगून दोन स्वर निराळे ठेवीत. आजच्या पियानोनें तें अंतर बाराहि पंचमांत सारखें वांटून टाकलें आहे. त्यामुळें कोणत्याहि पट्टीपासून वाजवितां येतें हा लाभ झाला. पण सप्तकाखेरीज कोणतेंहि अंतर पूर्ण शुद्ध राहिलें नाहीं, ही त्याची किंमत. पेटीवरहि आक्षेप आला तो बराचसा याच कारणानें, शिवाय तिच्यावर मींड निघत नाहीं म्हणून. आणि १९४० सालीं नभोवाणीवर तिला जी बंदी झाली ती सुमारें तीस वर्षें टिकली.

म्हणून पियानो शिकणाऱ्या मुलाच्या पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, नांवांवरून त्यास दटावूं नये. त्याऐवजीं एखादे दिवशीं तंबोरा पियानोच्या सी शीं नीट मिळवावा, आणि खर्जाच्या तारेंतून उमटणारा स्वयंभू गांधार त्यास शांतपणें ऐकूं द्यावा. मग पियानोची ई पट्टी दाबावी. ती किंचित् चढी लागते, हें ज्या दिवशीं मूल आपण होऊन सांगेल, त्या दिवशीं पट्टी बोटाला वाट दाखविते पण स्वराचा निवाडा कानच करतो, हें त्यास कोणी निराळें शिकवावें लागणार नाहीं. आणि त्या बैठकीस आजोबांनाहि अवश्य बोलवावें!