उलटा बार

आमच्या घरी दोघांचे वय काढायचे नसते. एक अण्णांचे, दुसरे त्यांच्या फियाटचे. पण वाचकहो, गाडीचे सांगून टाकतो : कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९६८ साली तयार झालेली ही अकराशे. पोफळीच्या वीजघरात नोकरीला असताना अण्णांनी ती जुनीच घेतली. गेल्या भाऊबीजेला 'हिच्यातूनच कऱ्हाडला आत्याकडे जायचे' असा त्यांनी हट्ट धरला.

रात्री पाऊस पडून गेला होता. चिपळूण सोडल्यापासून गाडी अडखळत होती. पोफळीला तिने मान टाकली, आणि समोर कुंभार्ली घाट! मी बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्यूटरवरच्या प्लगच्या तारा काढल्या, सगळे रुमालाने कोरडे केले आणि तारा पुन्हा खोचल्या.

"अरे, क्रम बघितलास का?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही आत बसा हो!"

ते मुकाट्याने बसले.

किल्ली फिरवली मात्र, पुढे कार्बोरेटर खोकला आणि मागे सायलेन्सरने असा बार काढला की चहाच्या टपरीवरचे कुत्रे रस्ता ओलांडून पळाले. मी तत्काळ निकाल दिला : पेट्रोलमध्ये भेसळ!

टपरीवाल्याने एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी आधी एवढेच विचारले, "आवाज पुढून येतो, की मागून?"

"दोन्हीकडून."

त्यांनी एक प्लग काढून टोक पाहिले. पांढरे असते तर मिश्रणात पेट्रोल कमी, काजळीने काळे असते तर जास्त. आमचे तपकिरी निघाले. म्हणजे पेट्रोल आणि कार्बोरेटर दोघेही निर्दोष. मग त्यांचे बोट तारांवरून फिरत थांबले. ह्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. मी तीन आणि चारची अदलाबदल केली होती! चौथ्या सिलिंडरात झडप पुरती मिटण्याआधीच ठिणगी, म्हणून ज्वाळा उलटी कार्बोरेटरकडे. तिसऱ्यात ती फार उशिरा, म्हणून न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये पेटलेले.

मी मराठी शिकवतो. मराठीत कर्ता-कर्म मागेपुढे केले तरी वाक्य उभे राहते. इंजिनाचे व्याकरण इतके उदार नाही.

"तारा लावताना कुणी क्रम पाहिला नाही?" मिस्त्रींनी विचारले.

मी काही बोललो नाही. अण्णा वीजघराच्या रस्त्याकडे पाहत होते. १९६२ पासून वीज देणाऱ्या, डोंगराच्या पोटातल्या त्या घरात त्यांनी उमेदीची सारी वर्षे यंत्रांचे आवाज ऐकत काढली. आणि भेसळीचा शोध लावणाऱ्या मी त्यांना गप्प बसवले होते.

दोन तारा बदलल्या आणि गाडी एका दमात सुरू झाली. अर्धा घाट चढल्यावर मी हळूच विचारले, "अण्णा, आता आवाज कसा वाटतो?"

त्यांनी जरा कान दिला.

"गाडीचा ठीक आहे," ते म्हणाले. मग हसले. "तुझाही बराच सुधारलाय."